नावापुढची मोकळी जागा

आप्पा, परवा शब्बीर पेंटर दारात येऊन उभा राहिला. तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला होता, सटाण्याकडचे पाहुणे एस.टी.त बसून गेले होते आणि अंगणात भाड्याच्या खुर्च्या अजून तशाच पडल्या होत्या. त्यानं चपला काढल्या, तुमच्या फोटोला हात जोडले आणि दाराशेजारच्या आपल्या निळ्या पाटीकडे बघत हळूच म्हणाला, "भाभी, साहबांच्या नावाआधी आता 'कालकथित' लिहावं लागंल. पाटी उतरवून नेऊ का? आणि तुमच्या नावापुढची ती जागा, ती आता तरी भरायची का अशीच ठेवायची?"

मी त्याला म्हटलं, रविवारी ये. एका पाटीवरच्या वीतभर मोकळ्या जागेवरून सासरा आणि सून इतकी वर्षं भांडले, असं बाहेर कोणाला सांगितलं तर लोक हसतील. तुम्ही मात्र भांडण अर्धं टाकून निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत.

मी तुमच्या घरात आले ती बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर. माहेर सिन्नरकडचं, शिक्षण मॅट्रिक, तेही सायन्स घेऊन. मॅट्रिक झालेली मुलगी म्हणजे फार झालं, असं आमच्या गावात सगळ्यांचं मत होतं आणि माझंही. माझ्या हातांची हळद अजून गेली नव्हती तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारलंत, "मॅट्रिक झालीस ते ठीक. पुढं काय?" मी पीठ मळत होते. मला वाटलं, जेवणाचं विचारताय. म्हटलं, "पुढं पिठलं हाय, आप्पा." तुम्ही इतके हसलात की सासूबाई काय झालं ते बघायला बाहेरून आत आल्या. सासऱ्याच्या घरी असं हसणं ऐकायला मिळेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हाच तुम्हाला घाबरायचं सोडलं.

दर रविवारी तुम्ही वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर बसायचात. बातम्या नाहीत, सिनेमाच्या जाहिराती नाहीत, थेट 'पाहिजेत'चं पान. ते मोठ्यानं वाचायचात, कचेरीतलं परिपत्रक वाचावं तसं. लिपिक पाहिजे, पर्यवेक्षक पाहिजे, निरीक्षक पाहिजे. आणि प्रत्येक जाहिरातीत एक ओळ आली की आवाज चढायचा, "शैक्षणिक पात्रता : कोणत्याही शाखेचा पदवीधर." मग माझ्याकडे बघायचात. "ऐकलंस का सूनबाई? कोणत्याही! आर्ट असो, कॉमर्स असो, ते विचारतच नाहीत. नुसती पदवी पाहिजे. एवढी सोपी गोष्ट कुठं हाय का दुसरी?"

तुमच्यासाठी ती किती अवघड होती हे मला हळूहळू कळलं. तुम्ही आयुष्यभर आवक-जावक कारकून, येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाची नोंद ठेवणारे. मॅट्रिकचं इंग्रजी तुम्हाला कधी सुटलंच नाही आणि त्या एका विषयापाशी तुमचं सगळं शिक्षण थांबलं. कचेरीत नवा पोरगा यायचा, बी.ए. नाहीतर बी.कॉम. फाइलीला नाडी कशी बांधायची इथपासून तुम्ही त्याला शिकवायचात. काही वर्षांनी तोच हेडक्लार्क होऊन "गांगुर्डे, जरा इकडे या" म्हणायचा. त्याच्या बढतीचे पेढे टेबलाटेबलावर तुम्हीच वाटायचात आणि आमच्या वाटणीचा एक रुमालात बांधून घरी आणायचात. नियमच तसा हाय, पोरांचा काय दोष, असं म्हणायचात. राग तुम्हाला कधी आला नाही. मला मात्र तो पेढा गोड लागायचा नाही.

मग तुम्ही शब्बीरला बोलावून पाटी करून घेतलीत. निळी पत्र्याची, पांढरी अक्षरं. वर तुमचं नाव, खाली 'सौ. शकुंतला गांगुर्डे' आणि पुढे मोकळी जागा. यांचं, म्हणजे तुमच्या मुलाचं नावच नाही! यांनी आधीच हात झटकले होते. "माझ्या नावापुढं काय लिहिणार, टर्नर? माझं नाव कारखान्याच्या कार्डावर हाय, तेवढं बास." शेजारच्या बायका मला आडून आडून विचारायच्या, नवऱ्याशी काही बिनसलंय का. आणि ती मोकळी जागा कशासाठी असं कोणी तुम्हाला विचारलं की तुम्ही सांगायचात, "ती पदवीची. यायचीय अजून." येणार कुठून, तर माझ्याकडून! मला कोणी विचारलंही नव्हतं.

आणि आपलं पहिलं भांडण तिथंच झालं. मला शिकायचं नव्हतं असं नाही, आप्पा. मला काम हवं होतं. छकुली पोटात असताना रक्त तपासायला दवाखान्यात गेले, तेव्हा पांढरा कोट घातलेली एक बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. मी विचारलं, काय दिसतं हो? तिनं मला सरकून जागा दिली. काचेवर गोल गोल ठिपके होते आणि ते माझंच रक्त होतं. मी घरी येऊन जाहीर केलं, मला हे शिकायचंय. वर्षभराचा कोर्स, मॅट्रिकला सायन्स असलं की घेतात, शिकलं की लगेच काम.

तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "सुया टोचायचं काय शिक्षण असतं?"

"आणि बी.ए. होऊन काय टोचायचं?" मी म्हटलं. माझी जीभ तेव्हाही लांबच होती.

हे सातपूरहून पाळी संपवून आले होते. पाय धुता धुता म्हणाले, "माझं आय.टी.आय. बघा की. शिकलो आणि मशीनवर उभा राहिलो. वर्ष वाया नाय, पेढे नाय, काय नाय."

"तुझं मशीन बंद पडलं की तू घरी," तुम्ही म्हणालात. "पदवी बंद पडत नसती."

तेव्हा मला हे नुसतं अडून बसणं वाटलं होतं. पुढे सातपूरला संप झाला, कारखान्याला कुलूप लागलं आणि हे खरोखरच घरी बसले, तेव्हा तुम्ही ते वाक्य पुन्हा काढलं नाहीत. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते.

शेवटी तह झाला. आधी बी.ए., मग सुया. पण बी.ए. करायचं कधी? कडेवर पोर, घरात पाव्हणारावळा, यांच्या तीन पाळ्यांचे तीन डबे. कॉलेजात जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून घरून अभ्यास करून नुसती परीक्षा द्यायची, बहिःस्थ म्हणून. तुम्ही म्हणालात, "तुला बसायला वेळ नाय, पण कान तर मोकळे हायेत ना?" आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर चहा घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलात, छकुलीला मांडीवर घेतलंत आणि पुस्तक उघडलंत.

ती आपली शाळा. मी भाकरी थापायची, तुम्ही राज्यशास्त्र वाचायचं. मी कालवणाला फोडणी द्यायची, तुम्ही थांबायचं, कारण चर्र आवाजात ऐकू येत नसे. छकुलीला झोपवायला अंगाईची गरजच उरली नाही, 'घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत' सुरू झाला की तिची मान पडायची. एक प्रकरण झालं की तुम्ही प्रश्न विचारायचात आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच देऊन टाकायचात. सासूबाई लसूण सोलता सोलता त्यांच्या अहिराणीत मला म्हणायच्या, "हाऊ मानूस तुले शिकाडी राहिना, का सोताच शिकी राहिना?" तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. पण पुढचं पान उलटताना तुमच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला चुलीपुढून दिसायचं.

पुस्तकांवरही तुम्ही तुमची कचेरीतली खूण करायचात, तो महिरपी कंस. दोन पत्रांना एकच उत्तर गेलं असेल तर नोंदवहीत त्या दोन ओळींना कंस घालून पुढे एकच शेरा लिहायची तुमची सवय. ती घरात सगळीकडे पसरली होती. तुरीचा आणि हरभऱ्याचा डबा शेजारी, दोन्हींवर मिळून खडूनं एक कंस आणि पुढे 'डाळी'. भिंतीवरच्या कॅलेंडरात दोन सुट्ट्या लागून आल्या की कंस आणि पुढे 'सटाणा'. मी चिडवायची, "आप्पा, आमच्या लग्नाच्या फोटोलापण एक घाला." तर तुम्ही म्हणालात, "तिथं नको. तिथं शेरा काय लिहायचा ते अजून ठरलं नाय."

पहिलं वर्ष निघालं, दुसरंही निघालं. शेवटच्या वर्षी मात्र आपण दोघांनी जी माती खाल्ली ती आठवली की मला आजही हसू येतं. अर्थशास्त्राचं पुस्तक तुम्ही रविवार कारंज्याजवळच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून आणलंत. नीट कव्हर घातलंत. वर्षभर वाचलंत, इतकं की छकुलीसुद्धा 'राष्ट्रीय उत्पन्न, राष्ट्रीय उत्पन्न' म्हणत अंगणात फिरायची. परीक्षेच्या दिवशी तुम्ही रजा काढून माझ्याबरोबर आलात आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली डबा घेऊन बसलात. दर पेपरला हेच व्हायचं. मी बाहेर आले की तुम्ही एकेक प्रश्न मला विचारायला लावायचात, घडाघडा उत्तर द्यायचात आणि वर म्हणायचात, "मला जास्त मार्क पडले असते."

त्या दिवशी मी बाहेर आले ती पांढरी पडून. तुम्ही म्हणालात, "बोल, पहिला प्रश्न." मी सांगितला. तुम्ही चष्मा नाकावर सारखा केलात. "दुसरा?" दुसरा सांगितला. तुमचा हात डब्यावर तसाच राहिला. "हे आपल्या पुस्तकात नव्हतंच," तुम्ही म्हणालात. नव्हतंच. अभ्यासक्रम बदलला होता. नोटीस कॉलेजच्या फळ्यावर लागली होती म्हणे, पण आपण कॉलेजच्या फळ्यापर्यंत कधी गेलोच नव्हतो. आपलं कॉलेज स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. वर्षभर आपण इमानेइतबारे रद्द झालेलं अर्थशास्त्र पाठ केलं होतं.

निकाल लागला, त्या विषयात गेले. घरी येऊन मी तोंड लपवायला जागा शोधत होते. ओट्यावर शेजारचे दोघेतिघे बसले होते, त्यांनी विचारलंच, काय झालं सूनबाईचं? आणि तुम्ही टोपी खुंटीला लावत अगदी सहज म्हणालात, "आम्ही नापास झालो."

आम्ही. मी आतून ऐकलं. आप्पा, माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कोणी इतकं मोठं काही बोललेलं नाही.

पुढच्या खेपेला नवं पुस्तक आलं. पुन्हा उंबरा, पुन्हा भाकरी, आणि विषय सुटला. पास क्लास का होईना, पदवी ती पदवी. त्या दिवशी ओट्यावर तुम्ही पेढे वाटत होतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून सांगत होतात, "सूनबाई पास झाली! सूनबाई बी.ए. झाली!" मी दारात उभी होते. नापास झालो तेव्हा आम्ही, आणि पास झाली ती एकटी सूनबाई. मला तेव्हाच म्हणायचं होतं, आप्पा, हे चुकतंय. पण ओट्यावर माणसं होती, तुम्ही खुशीत होतात, आणि सून सासऱ्याला चारचौघांत असं काही म्हणते का? राहून गेलं.

पेढे संपायच्या आत तुम्ही शब्बीरला ब्रशसकट घेऊन आलात. मी अडवलं. म्हटलं, "ह्या बी.ए.वर नोकरी लागू द्या, मग लिहा. नुसती शोभेची पदवी मला दारावर नको." तुम्हाला लागलं, मला कळलं, पण मीही तुमच्याच घरात तयार झालेली. शब्बीर चहा पिऊन परत गेला.

मग सुरू झाले अर्ज. कोणत्याही शाखेचा पदवीधर हवा, बरोबर आहे, पण कोणत्याही शाखेचे पदवीधर गावोगाव झाले होते. शिवाय इंग्रजी टायपिंग हवं, अनुभव हवा. मुलाखतीला गेलं की बाहेरच्या बाकावर एम.ए. झालेली मुलं बसलेली असायची. एकानं मला विचारलं, "ताई, तुम्ही कशाला आलात इथं?" मी घरी येऊन तुम्हाला म्हटलं, "तुमच्या त्या ओळीत एक गोष्ट छापायची राहिलीय. पदवीधर एकच नसतो, हजार असतात." पुढच्या रविवारी तुम्ही 'पाहिजेत'चं पान मनातल्या मनात वाचलंत.

मी लॅबचा कोर्स केला. ज्या दवाखान्यात माझं रक्त पाहिलं होतं तिथंच लागले. यांच्या कारखान्याला कुलूप होतं त्या काळात माझ्या सुयांवर घर चाललं. मी फुशारकीनं म्हटलं, "आता बोलवा शब्बीरला. लिहा पाटीवर लॅबचा कोर्स." तर तुम्ही म्हणालात, "तो कोर्स हाय. पदवी नाय." संपलं! बी.ए. लिहायला मी तयार नाही, कोर्स लिहायला तुम्ही नाही. पाटीवरची जागा तशीच राहिली. ऊन लागून पांढरी अक्षरं विटली, ती जागा मात्र आपल्या दोघांच्या हट्टासारखी लख्ख.

तुम्हाला साखर झाली तेव्हापासून तुमचं रक्त मीच काढायची. बाही वर करून म्हणायचात, "हात हलका हाय. बी.ए.चा दिसतो." रिपोर्ट वाईट आला की मी तुमच्या आधी वाचलेला असायचा, आणि माझं तोंड बघून तुम्हाला न वाचता कळायचं. शेवटी तुम्ही दवाखान्यातच येऊन पडलात, खाली वॉर्डात तुम्ही आणि वर लॅबमध्ये मी. दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन यायची, तुम्ही खायचात दोन घास आणि वाद घालायचात पोटभर.

आणि त्याच आठवड्यात ते घडलं. आमच्या इन्चार्ज बाई निवृत्त झाल्या. दवाखान्याच्या कमिटीनं आम्हा लॅबवाल्यांना बोलावून सांगितलं की नवी इन्चार्ज पदवीधर हवी, कारण पत्रव्यवहार, रिपोर्ट, सगळं तिच्या सहीनं जाणार. कोणीतरी विचारलं, सायन्सचीच हवी का? अध्यक्ष म्हणाले, कामाचा कोर्स आहेच की, पदवी कोणत्याही शाखेची चालेल.

मला तिथं मीटिंगमध्ये हसू आवरेना. लॅबमध्ये पदवीधर मी एकटीच, म्हणजे इन्चार्ज मीच. जिना उतरून तशीच तुमच्या खाटेशी आले आणि सांगितलं. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "अध्यक्ष काय म्हणाले ते पुन्हा सांग. जसंच्या तसं."

"कोणत्याही शाखेची चालेल."

"हां," तुम्ही म्हणालात. चेहऱ्यावर तेच, पान उलटतानाचं. मी घाईघाईनं म्हटलं, "पण कोर्स नसता तर मी लॅबच्या दारात तरी आले असते का? बरोबरी झाली, आप्पा. तुम्ही जिंकला नाहीत." तुम्ही हसलात, खोकला आला, पाणी प्यायलात. मग विचारलंत, "मग पाटी?"

"घरी चला. तुमच्यासमोर रंगवून घेऊ."

"काय लिहिणार?"

"ते घरी गेल्यावर भांडू."

तुम्ही घरी आलात, पण भांडायला नाही. ओट्यावर तुम्हाला ठेवलं होतं आणि वर पाटी होती, मोकळ्या जागेसकट. तिच्याकडे बघवेना म्हणून मी आत जाऊन उंबऱ्यावर बसले, तुमच्या जागेवर. तिथून चूल अशी दिसते हे मला माहीतच नव्हतं. मी इतकी वर्षं कशी दिसत असेन तुम्हाला तिथून, पाठमोरी, पिठानं भरलेली, हूं हूं करत ऐकणारी. आप्पा, माझ्या बापानं मला जन्म दिला, पण मला कोणीतरी केलं ते तुम्ही. तेही परक्या घरची म्हणून आणलेल्या पोरीला. तुमची फार आठवण येते. घरात फोडणीचा आवाज झाला की अजून मी थांबते, तुम्ही वाचायचं थांबला असाल म्हणून.

आज रविवार. शब्बीर आला. मी त्याच्या हातातून खडू घेतला आणि पाटीवर मला काय हवंय ते काढून दाखवलं. त्यानं डोकं खाजवलं. "भाभी, असं मी कुठं रंगवलं नाय. आणि गुजर गये आदमी को डिग्री?"

"गेल्यावर नाही दिली, शब्बीरभाई. आधीच मिळाली होती. लिहायची राहिली."

त्यानं पाटी उतरवली. अंगणात बसून निळा हात दिला, अक्षरं भरली. वर 'कालकथित' आणि तुमचं नाव, खाली माझं. दोन्ही ओळींना मिळून एक महिरपी कंस, तुम्ही घालायचात तसा पोटाशी फुगीर, आणि त्याच्यापुढे, मधोमध, एकदाच, 'बी.ए.' लॅबच्या कोर्सचं लिहिलं नाही. तो कोर्स आहे, पदवी नाही. तुमचंच ऐकलं, पण एवढ्यावर खूश होऊ नका.

यांनी स्टूल आणून पाटी लावली. सासूबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण नवी खूण त्यांच्या लगेच ध्यानात आली. "हाई वाकडं काय काढं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, "आप्पा आणि मी, दोघं मिळून बी.ए. झालो, असं लिहिलंय."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"मी तं पहिलेच सांगेल व्हतं," म्हणाल्या, आणि लसूण सोलायला आत गेल्या.